गळाला काय लावायचं

सांगलीत एका बोळात गळ-दोरीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक खोली. भिंतीभर खिळे आणि खिळ्यांना टांगलेले बेडूक, मासे, किडे, सगळे रबराचे नाहीतर प्लास्टिकचे. मरळ धरायचं काहीतरी घ्यायला मी तिथं गेलो होतो. दुकानदार पस्तिशीचा असेल. खुर्चीवरनं न उठता त्यानं मला विचारलं,

"काका, पाणी कसलं हाय तुमच्याकडं?"

"नदीचं."

"ते कळलं वो. निवळ हाय का गढूळ? गवत किती? खोल किती? तुमी बसता तिथं सकाळचं ऊन पडतं का?"

तीस वर्षं मी कृष्णेत गळ टाकतोय. कराडच्या खालच्या आमच्या पट्ट्यात लोक मला विचारून नदीवर जातात. लग्नाकार्यात कुणी माझी ओळख करून दिली तर 'हे मरळवाले' एवढंच सांगतात, पुढचं सांगावं लागत नाही. आणि माझ्या नदीचं पाणी आज निवळ आहे का गढूळ, हे मला सांगता आलं नाही. मी बघितलंच नव्हतं.

"बरं ते ऱ्हाऊ द्या," दुकानदार म्हणाला. "आजपतूर काय लावत हुता गळाला?"

यावर तरी मी फाडकन बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते ऐकून मीच दचकलो.

"बायको द्यायची त्ये."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली. एक म्हणाला, "नशीबवान हाय की काका! आमची बायको गळ बघितला की लाटणं उचलती." दुसरा म्हणाला, "मग एकटं कशाला आलासा? काकूलाच आणायची की संगं. ती सांगंल काय घ्यायचं त्ये."

"माघात गेली ती," मी म्हटलं.

मग कुणी हसलं नाही. दुकानदार उठला आणि त्यानं मला बसायला स्टूल दिलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला बायकोच्या आठवणीनं भरून आलंय. तसं नव्हतं. मला धक्का बसला होता तो वेगळाच. स्टुलावर बसून मी आठवत होतो की तीस वर्षांत गळाला काय लावायचं हे मी एकदा तरी ठरवलं होतं का. एकदाही आठवेना.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. पुढं माधवनगरला गिरणीत लागलो, मागावर. गिरणी बंद पडली तसा गावाकडं आलो आणि दोन महिने नुसता कट्ट्यावर बसून राहिलो. कुणाशी धड बोलत नव्हतो, दाढी करत नव्हतो. एक दिवस बायकोनं एक काठी माझ्या हातात दिली. तिचं माहेर वारणाकाठचं, तिचा बाप मासे धरायचा, एवढं मला माहीत होतं. म्हणाली, "जावा जरा नदीवर. भिताडाकडं बघत बसण्यापरीस पाण्याकडं बघा." पहिल्याच दिवशी किलोभराची मरळ लागली. दुसऱ्या आठवड्यात दोन. मग मी दाढी केली. पुढं लोकांच्या उसाला पाणी पाजायची कामं धरली, पोट त्याच्यावर भरलं, पण गावात मला जी किंमत होती ती माशांची.

आमच्या घरात रीत अशी होती. ती सकाळी उठून धुणं घेऊन नदीवर जायची. घरात नळ आला, पोरीनं धुण्याचं मशीन आणून दिलं, तरी हिचं धुणं नदीवरच. मशीनवर तिनं फडकं टाकलं आणि त्याच्यावर पिठाचा डबा ठेवला. "मशीनमधी मळ नुस्ता फिरतो, जात न्हाई," म्हणायची. मी म्हणायचो, "मळाचं नाव सांगू नगंस. बायकांत बसून गप्पा हाणायला पायजेत तुला." ती हसायची, उलट बोलायची नाही. धुणं वाळत घालून आत यायची, आणि माझा चहा होतोय तोवर उंबऱ्यावर एक झाकणाचा डबा ठेवलेला असायचा. त्यात आमिष.

काठ्या आमच्या तीन होत्या. एकीला बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, आणि बारका गळ. दुसरीला जाड तंगूस आणि मोठा गळ. तिसरी मधली, तिला शिसं जास्त, खोल बुडायला. त्यातली एक दाराला टेकवलेली असायची. मी चहा प्यायचो, डबा घ्यायचो, दारातली काठी उचलायचो आणि चालू पडायचो. दोन काठ्या कोपऱ्यात आणि एकच दारात का, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, झाडताना हलवली असेल.

डब्यात कधी गांडुळं असायची. कधी सोललेला झिंगा. कधी शेंगपेंड घालून मळलेली कणीक. कधी ओल्या फडक्यात गुंडाळलेली जिती बेडकी. नदीवर शेजारी बसलेले मान लांब करून विचारायचे, "आज काय लावलंय?" मी झाकण उघडून दाखवायचो आणि म्हणायचो, "काय बी लाव गड्या. गुण हाताचा असतोय." आणि ते मानायचे. त्यांना लागत नव्हतं आणि मला लागत होतं, मग न मानून सांगतात कुणाला?

माघातल्या त्या दिवशी ती नदीवरनं आली, निम्मं धुणं वाळत घातलं, आत येऊन चुलीपाशी बसली आणि बसल्या जागी कलंडली. डॉक्टर म्हणाला हृदय बंद पडलं. त्या दिवशीसुद्धा उंबऱ्यावर डबा होता. तिसऱ्या दिवशी वास सुटला तेव्हा कुणीतरी तो नेऊन उकिरड्यावर रिकामा केला. त्यात काय होतं ते मी बघितलं नाही. आता लय वाटतं, बघायला पाहिजे होतं.

दीड महिन्यानं मी परत नदीवर जायला लागलो. हाताला येईल ती काठी, मिळेल ते आमिष. चैत गेला, वैशाख गेला. एक मासा लागला नाही. चिलापी हा मासा पावाच्या तुकड्यालाही लागतो, तोसुद्धा नाही. मी सगळ्यांना शिव्या घातल्या. कारखान्याची मळी पाण्यात येते, जाळीवाल्यांनी नदी खरवडून नेली, पाण्यात जीवच राहिला नाही. गावातली माणसं माना हलवायची. शेजारी बसणाऱ्यांना मात्र रोज दोन-चार मिळत होते. तिकडं मी बघायचं टाळायचो.

माझी एकुलती एक लेक सांगलीत विश्रामबागला असते. जावई फौजेत, तिकडं बर्फात. घरात ती आणि तिची सासू. ज्येष्ठात तिच्या पिशवीचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तर पोरीचं तोंड ओळखू येईना, एवढी आत गेलेली. पंधरा दिवस झाले तरी जखम सुकत नव्हती. सासू बिचारी भाकरी, पेज, अंडी पुढं ठेवायची आणि ताट तसंच उचलायची. मला स्वयंपाकघरात बोलावून घेऊन हळूच म्हणाली, "दादा, ऑपरेशनानं न्हाई झालं ह्ये. आई गेल्यापासनं ही जेवतच न्हाई. डाक्टर म्हनतोय, अंगात काय नसलं तर जखम भरंल कशी? असंच चाललं तर परत दवाखान्यात न्यायची पाळी हाय."

आमच्याकडं जखमेला मरळ देतात. मी बाहेर येऊन पोरीला म्हटलं, "ऐतवारी मरळ घेऊन येतो. नदीची. रस्सा करून पी म्हंजी अंग धरशील."

"या दिसांत?" ती म्हणाली. "आबा, या दिसांत आपल्यात कवा मरळ झालीया?"

खरं होतं ते. दरसाल मृग लागल्यापासून महिनाभर मला मरळ लागायची नाही. एकसुद्धा नाही. पाण्यावर हवा घ्यायला येताना दिसायची, पण माझ्या गळाकडं ढुंकून बघायची नाही. ते दिवस मी नशिबाच्या नावानं बोटं मोडत काढायचो. पण पोरीच्या तोंडनं ऐकलं आणि मला ते झोंबलं. आई गेली, आता बाप पण कामातनं गेला, असं तिला वाटतंय, असं मला वाटलं.

"आणतो म्हटलं न्हवं? मग आणतो," मी म्हटलं, आणि तिथनं उठलो तो सरळ त्या दुकानात गेलो.

स्टुलावर बसवून दुकानदारानं मला शिकवलं. चांगला माणूस. म्हणाला, "निवळ पाण्यात दोरी बारीक पायजे, आमिष बी साध्या रंगाचं. न्हाईतर मासा वळखतो. गढूळ पाण्यात त्याला दिसत न्हाई, तवा वासाचं लावायचं, न्हाईतर मोठं, काळं, पाणी हलवणारं. अन् दोरी जाड. ऊन असलं तर हा चमचा घ्या, चकाकतो. गवतात ही रबरी बेडकी. हिचे गळ पाठीला चिकटून असत्यात, जलपर्णीत अडकत न्हाईत."

तो एकेक सांगत होता आणि मला एकेक डबा दिसत होता. पुराच्या गढूळ पाण्यात गांडुळं, आणि दारात जाड तंगुसाची काठी. पौषातल्या काचेसारख्या पाण्यात सोललेला झिंगा, आणि दारात बारीक तंगुसाची काठी. गवत वाढलं की बेडकी. या माणसानं ज्याच्यावर दुकान घातलं होतं, ते माझ्या उंबऱ्यावर रोज ठेवलेलं असायचं आणि मी ते चहा पिऊन उचलून न्यायचो. मी स्टुलाची कड धरली. दुकानदार म्हणाला, "काका, पाणी देऊ का प्यायला?"

पाणी प्यायल्यावर तो म्हणाला, "आणि आता तर मरळीचा सीझन हाय. मरळ आता पिलांवर असती. पाण्यावर तांबडा ढग दिसंल, परातीएवढा. ती पिलं. आई न्हाईतर बाप खाली असतोच, दोघं राखत्यात. ढगावरनं बेडकी ओढायची. भुकंनं न्हाई येत, रागानं येती. चुकायचं कामच न्हाई."

हिरवी रबरी बेडकी, जाड विणलेली दोरी, आखूड काठी आणि फिरकीचं रीळ घेऊन मी घरी आलो. दोन दिवस अंगणात फेकायचा सराव केला. पहिल्या दिवशी बेडकी धुण्याच्या तारेला लटकली. दुसऱ्या दिवशी माझ्या टोपीत रुतली, टोपी उडून गोठ्यावर गेली. म्हैस बघत होती.

रविवारी सकाळी मी ओढा नदीला मिळतो तिथं गेलो. तिथं पाणी संथ असतं, कडेनं जलपर्णी. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाणी बघितलं, म्हणजे बघायचं म्हणून बघितलं. पार गढूळ नाही, निवळही नाही. गुडघाभर आत गेलो तर पावलं दिसत नव्हती. आणि जलपर्णीच्या कडेला तो ढग होता. दुकानदारानं सांगितला तसाच, परातीएवढा, तांबडा भडक. शेवयांच्या तुकड्यांएवढी हजारभर पिलं, सगळी एकदम वर यायची आणि एकदम खाली जायची.

पहिली फेक लांब गेली. दुसरी जलपर्णीत पडली, पण खरंच अडकली नाही. तिसरी बरोबर ढगापलीकडं पडली. बेडकी पिलांवरनं दोन हात ओढली असेल नसेल, पाणी फुटलं. विहिरीत धोंडा टाकल्यासारखा आवाज झाला. काठी वाकून पाण्याला टेकली, मी पण दोन पावलं आत ओढला गेलो. तीस वर्षांत माझ्या काठीला असा झटका बसला नव्हता. बाहेर काढली तेव्हा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मापून वर वीतभर होती.

"बघ!" मी मोठ्यानं म्हटलं. "या दिसांत बी लागली, बघ!"

कुणाला म्हटलं ते मला कळलं. मग खाली बसून पोतं पाण्यात बुडवलं.

मरळ पाण्याबाहेर लय वेळ जगते. ओल्या पोत्यात गुंडाळली की एसटीतनं सांगलीपर्यंत जिती जाते. तशी गुंडाळून काखेत मारली आणि निघालो. वाट धुण्याच्या घाटावरनं वर जाते. घाटावर आमची शेजारीण एकटीच धुणं धूत होती. माझ्या बायकोच्या जोडीला तिनं तीस वर्षं त्याच दगडावर धुणं आपटलंय. तोंडाची फटकळ, पण मनाची चांगली.

"काय घावलं का भावजी?"

मी ऐटीत पोतं उघडून दाखवलं. तिच्या हातातलं लुगडं तसंच हातात राहिलं.

"कुठं धरली?"

"ओढ्याच्या तोंडाला."

"पिलं हुती?"

"हुती की. तांबडी भडक. त्यांच्यावरनंच तर ओढली."

तिनं लुगडं पिळलं, बाजूला ठेवलं, आणि मग म्हणाली, "अक्का असती तर ह्ये घिऊन तुमास्नी दारात उभं केलं नसतं."

"का? मासं खात न्हवती व्हय ती?"

"खात हुती. पिलांवरची न्हाई. आवं, तांबडी पिलं दिसली की त्या दिसापासनं ती तुमच्या डब्यात कणीक भरायची. मरळ कणकंला तोंड लावती व्हय कवा? पिलं काळी होऊन आपापली फुटूस्तवर तुमी कणीक घालून बसायचा, आन् घरला येऊन नशिबाच्या नावानं बोंबलायचा. आमी हितं पोट धरून हसायचो."

मला वाटलं बाई थट्टा करते. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती.

"रोज हितं आली की पयलं धुणं बाजूला," ती म्हणाली. "पयलं पाण्यात जाऊन हुबी ऱ्हायाची. पाय किती गार पडत्यात, बोटं कुठपतूर दिसत्यात, बुडबुडं कुठं येत्यात. त्ये बघून झालं की मग धुणं. मी म्हनायची, अक्का, घरात मशीन हाय की, कंबर मोडून घ्यायला येती कशाला? तर म्हनायची, मशीन मला पाणी दाखवत न्हाई."

"मग मला का सांगितलं न्हाई कवा?"

"तुमी इचारलं हुतं कवा?"

ती पुढचं कापड पाण्यात बुचकळत बोलत राहिली. "गिरणी सुटली तवा तुमची काय दशा हुती, त्ये तुमास्नी ठावं न्हाई, आमी बघितलीया. ती म्हनायची, मासं लागाय लागलं तसा मानूस उठून बसला. आता ह्ये माझं हाय म्हनून सांगितलं तर परत जाऊन कट्ट्यावर बसंल. नगं बाई."

मी घाटाच्या पायरीवर बसलो. पायरी ओली होती, धोतर भिजलं, ते मला नंतर कळलं. कान गरम झाले होते. गिरणी बंद झाल्याची पाटी वाचली तेव्हा झालं होतं तसं झालं. म्हणजे सबंध घाटाला माहीत होतं. आज मरळवाल्याला काय लागणार आणि काय नाही, हे रोज सकाळी गावातल्या दहा-पंधरा बायकांना माहीत असायचं, आणि मी मान ताठ करून त्यांच्या समोरनं जायचो. हाताचा गुण सांगत. मला तिचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग आला की तो ठेवायला जागा नसते. आणि त्याच वेळी पोतं माझ्या मांडीवर हलत होतं.

मी पोरीला फोन लावला.

"आबा, निघालासा?"

"आई मला डबा भरून द्यायची, त्यात काय भरायचं त्ये ती ठरवायची. तुला ठाऊक हुतं?"

"कुनी सांगितलं?"

"म्हंजी ठाऊक हुतं."

"ल्हानपनी बेडक्या मीच धरून द्यायची की तिला. तुमास्नी सांगू नगं म्हनली हुती." मग तिचा आवाज एकदम बदलला. "आबा, तुमी मरळ धरली काय?"

"धरली. दोन किलोची असंल."

"पिलं तांबडी का काळी?"

"तांबडी."

मांडीवरचं पोतं मी घट्ट धरलं.

"जिती हाय?"

"पोत्यात हाय. हालती."

"मग सोडा."

"अगं तुझ्यासाठी धरलीया! तुझी जखम..."

"सोडा म्हनलं न्हवं? आन् घाटावर सोडू नगा. जितं धरली तितंच न्हेऊन सोडा. बिगीबिगी जावा, पाणकावळा एक पिलू ठेवायचा न्हाई."

माझी पोरगी माझ्याशी असं कधी बोललेली मला आठवत नाही. घसा तिचा होता, बोलणं तिचं नव्हतं. मी उठलो. चालता चालता तरी एकदा बोलून बघितलं, कारण मरळ परत द्यायची माझ्या जिवावर आली होती. रिकाम्या हातानं तिच्या दारात जायचं, तिचं ते आत गेलेलं तोंड बघायचं.

"दोघं राखत्यात म्हनं पिलांना," मी म्हटलं. "एक धरलं तर दुसरं असंल की तितं. त्यो बघंल."

"एकट्याला न्हाई जमत आबा," ती म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "तसं न्हवं म्हनायचं मला."

"ठाऊक हाय," मी म्हटलं. "पर न्हाईच जमत."

फोन चालूच ठेवून मी खिशात टाकला आणि ओढ्याकडं वळलो.

तिथं ढग नव्हता. जलपर्णीच्या कडेला पाणी नुसतं मोकळं. समोरच्या खुंटावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. मी त्याला ढेकूळ मारलं, लागलं नाही, पण उडाला. पोतं पाण्यात धरून उलगडलं. मरळीचा ओठ फाटला होता, रक्त मात्र थांबलं होतं. ती माझ्या पायापाशी पाण्यात नुसती थांबली, कल्ले उघडत-मिटत. मला वाटलं उलटी होते आता. मी तिच्या शेपटीला बोट लावलं तशी ती जलपर्णीखाली गेली.

"गेली का?" खिशातनं आवाज आला. मी फोन कानाला लावला.

"गेली."

"पिलं?"

"न्हाईत. एक बी दिसत न्हाई."

"खाली गेली असतील. लगीच वर येत न्हाईत भ्यालेली. तुमी पाण्यात हुबं हाईसा काय?"

"व्हय."

"मग भाईर या की! तुमची सावली पडती त्यांच्यावर. मागं सरा, ऊन तोंडावर घिऊन खाली बसा. आन् हालू नगा."

मी बाहेर आलो. ऊन तोंडावर घेऊन बसलो. पोरगी विश्रामबागला खाटेवर पडून मला माझ्या नदीवर कुठं बसायचं ते सांगत होती आणि मी ऐकत होतो. पाणी हलत नव्हतं. फोन मीही ठेवला नाही, तिनंही ठेवला नाही.

"म्हंजी मला खायला काय न्हाईच आणत तुमी," ती म्हणाली.

"न्हाई."

"नुस्ताच डौल. मरळवाले म्हनं!"

"सासूनं काय केलंय?"

"भाकरी हाय. अंड्याचा रस्सा हाय."

"मग त्यो खा."

"खाते. पर फोन ठिवू नगा. पिलं वर आली की सांगा मला. तवर मी खाते."

ताट सरकवल्याचा आवाज आला. सासूला काहीतरी म्हणाली. मग भाकरी मोडली असावी. फोनवर तिच्या चावण्याचा आवाज येत होता, सावकाश, मध्ये मध्ये थांबून. मी पाण्यावरची नजर हलवली नाही. उन्हानं डोळ्यांत पाणी येत होतं, ते पुसायला हात उचलला नाही, हालू नका म्हणाली होती. सासू मागनं म्हणाली, "वाढू का आनखी चतकुर?" आणि पोरगी म्हणाली, "वाढा जरा."

तेवढ्यात जलपर्णीच्या कडेला तांबडं काहीतरी हललं. मूठभर. पुन्हा खाली गेलं. मग जरा बाजूला वर आलं, आणि या वेळी मुठीपेक्षा जास्त होतं. त्याच्या खालनं पाणी हळूच फुगलं, मरळ हवा घ्यायला आली की फुगतं तसं, आणि परत सपाट झालं.

"दिसली का वो?" भरल्या तोंडानं तिनं विचारलं.

"न्हाई अजून," मी म्हटलं. "तू जेव सावकाश."